पहाट आपल्या वाट्याची: वडप्यात शिकलेले दहा धडे

मुंबई-नाशिक महामार्गाच्या कामांची बातमी निघाली की वडप्याचं नाव येतंच. ठाण्याच्या माजिवड्यापासून आठपदरीकरण होतं ते वडप्यापर्यंत. पुढे गोंद्यापर्यंतचा सुमारे शंभर किलोमीटरचा टप्पा मोजतात तोही वडप्यापासून. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि आमणे आमच्या शेजारचंच गाव. भिवंडी तालुक्याच्या या पट्ट्यात गोदामं आली ती मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेरची जागा म्हणून. २०१७ साली जीएसटी लागू झाला, जकात गेली, तरी गोदामं वाढतच राहिली. त्यामुळे आमच्याकडे रात्र पुरती अशी होतच नाही. ठाण्यातून जाण्यासाठी अवजड गाड्यांना ठरावीक तासांचीच मुभा असते, म्हणून ट्रक आणि कंटेनर रात्रीचेच जास्त धावतात. गोदामांच्या आवारातले दिवे उजाडेपर्यंत जळत असतात. कुठे गाडी खाली होत असते, कुठे भरत असते.

मी या गावात राहते, एका गोदामात डिस्पॅचचं काम पाहते. सकाळी आठला हजर व्हावं लागतं. पहाटे उठणं आमच्या घराला नवं नाही. भातलावणीच्या दिवसांत सासूबाई चार वाजता उठायच्या. भाकऱ्या थापून, पाणी भरून, उजाडायच्या आत शेतावर जायच्या. त्या पहाटेत त्यांच्या स्वतःसाठी मात्र काहीच नसायचं. आज पहाटेच्या दिनचर्येबद्दल पुष्कळ बोललं जातं, तेव्हा मला त्या आठवतात. आपल्या भागात बायका लवकर उठतातच. मिळालेला वेळ स्वतःच्या वाट्याला ठेवणं, आणि तो झोपेतून न कापणं, हे खरं शिकायचं आहे. ते शिकताना जे हाती आलं, ते इथे मांडते.

१. आधी कारण ठरवा, मग गजर लावा

पाच वाजता उठायचं, एवढ्यावर कोणी फार दिवस टिकत नाही. उठून काय करायचं ते आदल्या रात्री माहीत असावं लागतं, आणि ते आपल्याला मनापासून हवं असावं लागतं. लग्नानंतर माझं शिक्षण बारावीवर थांबलं होतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली अशाच लोकांसाठी सुरू झालं, ज्यांना रोज कॉलेजात जाणं जमत नाही. तिथे मी बी. कॉम.ला नाव घातलं आणि पहाटेला कारण मिळालं. सव्वापाच ते सहा हा अभ्यासाचा वेळ.

तुमचं कारण वेगळं असेल. कोणाला चालायचं असेल, कोणाला पेटी वाजवायची असेल, कोणाला नुसतं निवांत बसायचं असेल. निवांत बसणं हेही पुरेसं कारण आहे. फक्त ते एकच असू द्या. व्यायाम, ध्यान, वाचन, रोजनिशी असं सगळं एकाच तासात कोंबलं तर पहाटेचीही ड्यूटी होते.

२. वेळ संध्याकाळकडून मागा, झोपेकडून मागू नका

मोठ्या माणसाला रोज निदान सात तास झोप हवी, असं झोपेचे अभ्यासक सांगतात. म्हणजे पाचला उठायचं तर दहाला पाठ टेकलेली हवी. हा हिशेब टाळता येत नाही. गोदामात हे स्पष्ट दिसतं. झोप अपुरी झालेला माणूस चुकीच्या पार्सलवर स्कॅनर धरतो, गाडीचा नंबर उलटसुलट लिहितो. फोर्कलिफ्टवर बसणाऱ्याची झोप अपुरी असेल तर गोष्ट चुकीच्या नोंदीवर थांबत नाही.

म्हणून मी पहाटेची सुरुवात संध्याकाळी सातला करते. भाजी निवडून, चिरून ठेवायची. उसळ भिजत घालायची. डबे, पाण्याच्या बाटल्या आणि मुलीचा गणवेश एका जागी काढून ठेवायचा. अभ्यासाचं पुस्तक आणि वही टेबलावर, उद्याच्या पानावर खूण घालून. जेवण साडेआठच्या आत. मालिका एकच, तीही जेवताना. साडेनऊला मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा आणि तिथेच सोडायचा. या सगळ्याला तासभर लागतो, पण सकाळचा गोंधळ त्यामुळे जवळजवळ संपतो.

महामार्गावर कोंडी असली की नवऱ्याला घरी यायला उशीर होतो. अशा दिवशी त्याचं ताट झाकून ठेवून मी झोपते. हे आम्ही दोघांनी बसून ठरवलं. असं ठरवून घेतलं नाही तर कोणीतरी रोज ताटकळत बसतं, आणि ती बहुतेक घरातली बाईच असते.

३. जो आधी उठतो, त्याच्यावरच कामं पडू देऊ नका

हा धडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. घरात जो पहिला उठतो, त्याच्याकडे सगळी कामं आपसूक सरकतात. दिवा लागलेला दिसला की आतून आवाज येतो, उठलीच आहेस तर चहा ठेव. पाणी आलं तर तीच भरणार, दूधवाला आला तर दार तीच उघडणार. बाई जितकी लवकर उठेल तितकं काम पुढे सरकतं, आणि तिच्या हाती शेवटी काहीच उरत नाही.

आमच्याकडे यासाठी एक नियम आहे: सहाच्या आधी गॅस पेटत नाही. पाणी भरणं नवऱ्याकडे. दूध आत घेणं आणि स्वतःचा पहिला चहा करणं सासऱ्यांकडे. त्यांनी आयुष्यभर शेती केली, पहाटे उठतातच. आता ते आपल्याबरोबर माझाही कप ठेवतात. मुलगी आपलं अंथरूण काढते आणि दप्तर भरते. ही वाटणी एका दिवसात झाली नाही. सुरुवातीला मला दर वेळी शांतपणे सांगावं लागे, सहापर्यंत थांबा. पण पुस्तक उघडं दिसतं तेव्हा घरातली माणसं समजून घेतात. माझी परीक्षा ही हळूहळू घरातली सगळ्यांची गोष्ट झाली. आता माझ्या वेळापत्रकाची आठवण सासरेच करून देतात.

पुरुषांनाही इथे सांगावंसं वाटतं. तुम्ही पहाटे उठून धावायला जाता, योगासनं करता, हे चांगलंच आहे. त्याच वेळी घरात कोण पोळ्या लाटतंय, तेवढं पाहा. तिच्या वाट्याला अर्धा तास यावा म्हणून तुमच्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं दिलीत, तर घरात दोन पहाटा होतात.

४. उजेडाशी जुळवून घ्या

आपल्या शरीरात रोजच्या चक्राचं एक घड्याळ असतं. ते पेशींमध्ये कसं चालतं, हे फळमाशीवर अभ्यास करून शोधणारे जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. बहुतेक माणसांचं हे घड्याळ चोवीस तासांहून किंचित सावकाश चालतं, म्हणून ते रोज जुळवून घ्यावं लागतं, आणि ते जुळतं मुख्यतः उजेडाने. डोळ्यांच्या पडद्यातल्या काही पेशी उजेडाची वर्दी थेट मेंदूतल्या घड्याळाला देतात. सकाळच्या उजेडाने झोपेची वेळ अलीकडे येते. रात्री उशिराच्या प्रखर उजेडाने ती पुढे ढकलली जाते.

वडप्यात हे दोन्ही बाजूंनी जपावं लागतं. गोदामांचे फ्लडलाइट खिडकीतून सरळ आत येतात, म्हणून झोपायच्या खोलीला आम्ही जाड गडद पडदे लावले. पहाटे उठल्यावर घरातले दिवे लावते, पण खरा उपयोग बाहेरच्या उजेडाचा. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून उजाडलं की दहा-पंधरा मिनिटं अंगणात काढते. चहा तिथेच घेते, केस तिथेच विंचरते. थंडीत उशिरा उजाडतं, तेव्हा कामावर चालत जाताना हा उजेड मिळतो.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात ध्यानात ठेवायला हवी. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि आपण ७३ अंशांच्या आसपास राहतो. त्यामुळे सूर्याच्या हिशेबाने आपण घड्याळाच्या सुमारे ३८ मिनिटं मागे आहोत. मेअखेरीला इथे सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, जानेवारीच्या मध्याला जवळजवळ सव्वासात होतात. पाटण्या-कोलकात्याकडच्या कोणाची पाचची पहाट आणि आपली पाचची पहाट एक नाही. जानेवारीत आपण पाचला उठतो ते सूर्योदयाच्या सव्वादोन तास आधी. म्हणून डिसेंबर-जानेवारीत मी गजर साडेपाचला नेते आणि अभ्यासातली पंधरा-वीस मिनिटं संध्याकाळी भरून काढते. शेतकऱ्याचा दिवस ऋतूप्रमाणे सरकतच होता. आपला सरकला तर त्यात काही कमीपणा नाही.

५. रविवारीही साधारण तीच वेळ

आठवडाभर पाचला आणि रविवारी नऊला उठलं की सोमवारची सकाळ जड जाते. टिल रोनेनबर्ग या जर्मन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००६ साली याला ‘सोशल जेटलॅग’ असं नाव दिलं. विमानाने दूरच्या देशात जाऊन आल्यावर शरीराची वेळ चुकते, तशीच ती घरबसल्या दर आठवड्याला चुकते. रविवारी मी तासभरच उशिरा उठते. थकवा असेल तर दुपारी जेवणानंतर वीस मिनिटं डोळे मिटते, तेही तीनच्या आत. त्यामुळे रात्रीची झोप मोडत नाही.

६. पहिली पंधरा मिनिटं विचार करायला लावू नका

जाग आल्या आल्या मेंदू पूर्ण कामाला लागलेला नसतो. पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तासही, जडपणा राहतो. या वेळात उठावं की नाही याचा निर्णय घ्यायला बसलं, तर उत्तर ठरलेलं असतं. म्हणून या पंधरा मिनिटांचा क्रम कायमचा ठरवून टाका. माझा असा: गजर बंद करायला स्वयंपाकघरात जायचं, कारण मोबाइल तिथे आहे. तोंडावर गार पाणी. तांब्याभर पाणी प्यायचं. अंथरुणाची घडी घालायची. मग टेबलाशी. मोबाइलवरचे संदेश सहानंतर. कामाच्या ग्रुपवर रात्रभर गाड्यांचे निरोप येत असतात. एक उघडला की डोकं डॉकवर पोहोचतं आणि पुस्तक तसंच राहतं.

७. शेवटचा चहा चारला

नाक्यावरच्या टपऱ्या रात्रभर चालू असतात. ड्रायव्हरलोकांना चहा लागतो, हमालांना लागतो, आम्हालाही लागतो. चहा-कॉफीतलं कॅफीन दिवसभर साठत जाणारी झोपेची जाणीव दाबून ठेवतं, आणि पोटात गेलेल्यापैकी निम्मं सुमारे पाच तासांनंतरही शरीरात असतं. सातच्या कटिंगचा परिणाम दहाला अंथरुणावर दिसतो. चारनंतर मी लिंबूपाणी किंवा ताक घेते. दहाला झोप येण्यासाठी मला या एका बदलाचा मोठा आधार झाला.

८. सोबत शोधा

कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आपल्याकडे गावोगावी काकडा असतो. एरवी सातला उठणारी माणसं त्या महिन्यात पहाटे आंघोळ करून देवळात येतात. भिवंडी शहरात रमजानच्या महिन्यात सहरीसाठी मोहल्लेच्या मोहल्ले पहाटेपूर्वी जागे होतात. यंत्रमागावर दिवसभर राबणारी माणसंही उठतात. एकट्याला जे जड वाटतं ते सगळे मिळून सहज करतात, कारण कोणीतरी आपली वाट पाहत असतं. महिना संपला की बरेच जण पुन्हा उशिरा उठू लागतात. देव तोच असतो, सोबत गेलेली असते.

म्हणून बारा महिने टिकेल अशी सोबत बांधून घ्या. आमच्या आळीतल्या काही जणी सकाळी चालायला जातात. रविवारी मीही त्यांच्यात असते. आम्ही महामार्गाच्या सर्व्हिस रोडने जात नाही, गावातल्या रस्त्यानेच फेऱ्या मारतो. अंधारात कंटेनर मागे घेणाऱ्याला रस्त्याच्या कडेचं माणूस दिसत नाही. उजाडल्याशिवाय निघायचं नाही आणि फिकट रंगाचे कपडे घालायचे, हे आमचं ठरलेलं आहे. अभ्यासाची सोबत वेगळी आहे. माझ्याच वर्गाला बसलेली एक मैत्रीण पडघ्याला राहते. उठल्यावर आम्ही एकमेकींना मिस्ड कॉल देतो, बोलत नाही.

९. पाचचा आग्रह सगळ्यांना नको

काही माणसं जात्याच सकाळची असतात, काही रात्रीची, आणि याचा काही भाग आनुवंशिक असतो. वयानेही फरक पडतो. किशोरवयात झोपेची वेळ शरीरातूनच पुढे सरकते आणि त्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. माझी मुलगी दहावीत आहे. तिला पाचला उठवून अभ्यासाला बसव, असं पुष्कळ जण सांगतात. तिला रात्री नऊपर्यंत अभ्यास नीट जमतो आणि ती साडेसहाला ताजी उठते. तिची झोप मी मोडत नाही. लहानांच्या झोपेचा प्रश्न तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३मध्ये जाहीरपणे मांडला आणि फेब्रुवारी २०२४मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. मुलांची झोप ही चैन नाही, हे सरकारदरबारी लिहिलं गेलं याचा मला आनंद झाला.

रात्रपाळीवाल्यांचं दुःख आणखी वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शरीराची लय बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाचा समावेश २००७ साली कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींत केला आणि २०१९मध्ये ते मत कायम ठेवलं. सकाळी सहाला सुटणाऱ्या पोराला सूर्यनमस्काराचे फायदे सांगण्यात काय अर्थ आहे? त्याला अंधारी, शांत खोली हवी, दुपारपर्यंत कोणी हाक मारू नये असं घर हवं, आणि पाळी दर आठवड्याला उलटसुलट होऊ नये असा मालक हवा. वडप्याच्या भाड्याच्या खोल्यांत चार-चार पोरं पाळीपाळीने एकाच अंथरुणावर झोपतात. त्यांची झोप हा आपल्या गावाचा प्रश्न आहे. सकाळी त्यांच्या दाराशी स्पीकर लावू नका, एवढं तरी आपल्या हातात आहे.

१०. सवयीला तिचा वेळ द्या

एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळीकडे सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. नवी सवय अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यातून दिसलं. आमच्याकडे लग्नसराई असते, जत्रा असते, गणपती असतात, दिवाळीआधी डिस्पॅचला दुप्पट काम असतं. अशा दिवसांत गजर सहाचा लावायचा, झोप पुरी करायची आणि घाई संपली की परत पाचवर यायचं. गजर एकदम दीड तास अलीकडे आणण्यापेक्षा दर काही दिवसांनी पंधरा मिनिटांनी सरकवा. झोपायची वेळही त्याच मापाने सरकवा.

या सगळ्यातून मला काय मिळालं, ते सांगते. ज्या गावात प्रत्येक तासावर कोणाची तरी मालकी आहे, गाडीची, पाळीची, चुलीची, तिथे पाऊण तास असा आहे की त्यावर फक्त माझं नाव आहे. त्या पाऊण तासात मी जमाखर्च शिकते, कंपनी कायदा वाचते. दिवसभर ज्या बिलांवर मी शिक्के मारते त्यांचा अर्थ आता मला कळतो. गोदामात माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलींना मी हेच सांगते: आज रात्री घरात सगळ्यांना घेऊन बसा. कोण पाणी भरणार, कोण दूध घेणार, गॅस किती वाजता पेटणार, हे बोलून ठरवा. मग गजर लावा.